रकाना कुणाचा?

जिल्हा परिषदेच्या शाळेत संगणकाचा विषय निघाला की दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ही कामं पुरे झाली, आम्हाला शिकवू द्या. दुसरा म्हणतो, नीट शिकवायचं असेल तर आपल्या वर्गाची माहिती आधी आपल्याला वाचता आली पाहिजे. दोन्ही सुरांमागे खरी कळकळ आहे, म्हणून इथे दोघांना समोरासमोर बसवलं आहे. सर तिशीतले, पाचवीचे वर्गशिक्षक. बाई निवृत्तीच्या जवळ आलेल्या, सातवीला गणित शिकवणाऱ्या. एक्सेलवर राग आहे तो सरांचा, जीव आहे तो बाईंचा. यात नवल वाटायला नको. शाळेतलं सगळं ऑनलाइन काम तरुण शिक्षकाच्याच गळ्यात पडतं, त्यामुळे चीडही त्यालाच जास्त येते.

सर: बाई, तुम्ही म्हणता एक्सेल शिका. मी रोज शीटच भरत असतो. यू-डायस, सरल ही सरकारी पोर्टल झाली, पोषण आहाराची रोजची संख्या झाली. वर दुपारी केंद्राच्या गटावर लिंक येते, ‘आजच्या आज भरा’. माहिती तीच, रकान्यांचा क्रम तेवढा निराळा. यात आणखी काय शिकायचं?

बाई: तुम्ही भरता ते दुसऱ्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतं. वर्षभरात भरलेल्या एका तरी शीटनं तुम्हाला तुमच्या वर्गाबद्दल काही सांगितलं का?

सर: नाही. आणि मला त्याची गरजही नाही. बत्तीस मुलं आहेत, एकेकाला ओळखतो मी.

बाई: ओळखता, यात शंका नाही. मग सांगा, हातच्याची वजाबाकी किती जणांची चुकते?

सर: सात-आठ जणांची.

बाई: त्यांतल्या कोणाला शून्य आलं की हातचा घेता येत नाही? आणि कोण प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करून मोकळं होतं?

सर: ते वह्या उघडून सांगावं लागेल.

बाई: माझं म्हणणं एवढंच आहे. ५०३ वजा २७८ चुकवणारी दोन मुलं दोन वेगळ्या कारणांनी चुकतात, आणि आपण दोघांनाही तीच दहा उदाहरणं पुन्हा सोडवायला देतो.

बाई पुढे जे सांगतात ते सांगायला सोपं आहे, करून पाहिल्याशिवाय त्याची ताकद कळत नाही. दहा उदाहरणांची चाचणी घ्यायची. एका ओळीत एक मूल, एका रकान्यात एक उदाहरण. बरोबर असेल तर एक, चूक असेल तर शून्य. मग ओळी अशा लावायच्या की जास्त गुणांचं मूल वर आणि कमी गुणांचं खाली येईल. रकाने असे लावायचे की सोपं उदाहरण डावीकडे आणि अवघड उजवीकडे जाईल. एकांना रंग दिला की डावीकडचा वरचा कोपरा भरलेला दिसतो, उजवीकडचा खालचा रिकामा. खरी माहिती या सरळ चित्रात जिथे भोक पडतं तिथे असते. हुशार मुलानं सोपं उदाहरण चुकवलेलं असतं, किंवा तळाच्या मुलानं सर्वांत अवघड उदाहरण बरोबर सोडवलेलं असतं. जपानमध्ये ताकाहिरो सातो यांनी १९७०च्या दशकात ही मांडणी विद्यार्थी आणि प्रश्न यांचा तक्ता म्हणून शिक्षकांसाठी विकसित केली.

सर: हे वहीत रेघा मारूनही होतं.

बाई: होतं. मी अनेक वर्षं केलं. पण वहीत क्रम एकदाच लावता येतो. मुलींचा वेगळा बघायचा, मागच्या महिन्यात गैरहजर असलेल्यांचा वेगळा बघायचा, की पुन्हा नवीन पान. दुसऱ्या पानानंतर हात थकतो आणि मनातला प्रश्न तसाच राहून जातो. शीटवर प्रश्न बदलायला कष्ट पडत नाहीत, म्हणून आपण जास्त प्रश्न विचारतो.

सर: किंवा जास्त वेळ स्क्रीनसमोर बसतो.

बाई: ते तर होतंच. सुरुवातीला जास्तच होतं.

बाईंनी हे लगेच कबूल केलं, ते बरं झालं. या विषयावरच्या प्रशिक्षणांत शिकण्याचा वेळ कोणी धरत नाही. एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा २००१ साली सुरू झाली आणि शिक्षकांच्या एका पिढीनं ती नोकरीची अट म्हणून पूर्ण केली. बेरीज, सरासरी, एखादा आलेख इथपर्यंत ती पोचवते. त्यापुढची पायरी, म्हणजे क्रम आणि गाळणी, अटीवर मोजणी करणारं काउंटइफ्स, दुसऱ्या तक्त्यातून शोधून आणणारं व्हीलूकअप, डॉलरचं चिन्ह, पिव्होट टेबल, ही बहुतेकांना स्वतःच चढावी लागते. नेमक्या याच पायरीवर शीट वर्गाच्या उपयोगी पडायला लागते.

सर: मग तयार फाईल का वापरू नये? निकालाच्या कितीतरी फाईल्स गटांवर फिरतात. नावं आणि गुण टाकले की श्रेणी, टक्केवारी, प्रगतिपत्रक सगळं छापून येतं.

बाई: वापरा. पण तिच्या आत काय चाललंय ते वाचता आलं पाहिजे. आपली श्रेणीची पद्धत घ्या. ९१ पासून अ-१, ८१ पासून अ-२, असं खाली ३३ ते ४० ड, आणि त्याखाली ई-१, ई-२. एका मुलीचे सरासरी गुण ६०.५. चौकटीला दशांश दाखवायचे नाहीत असं सांगितलेलं आहे, म्हणून तिथे ६१ दिसतात. शेजारी श्रेणी मात्र क-१ येते. ६१ ला ब-२ हवी.

सर: म्हणजे फाईल चुकली.

बाई: फाईलनं आपलं काम केलं. दिसतात ६१, आत आहेत ६०.५, आणि सूत्र आतला आकडा बघतं. आधी राउंड लावून पूर्णांक करायला हवा होता. आता ती फाईल कुलूप लावलेली असेल आणि तुम्हाला हे ठाऊक नसेल, तर पालकसभेत तुम्ही त्या मुलीच्या आईला काय सांगणार?

सर: हाताने श्रेणी बदलली असती.

बाई: आणि ज्या मुलांचे पालक सभेला आलेच नाहीत, त्यांची तशीच राहिली असती.

यावर सर गप्प बसले असते तर लेख इथेच संपला असता. त्यांच्याकडे याहून मोठा मुद्दा होता.

सर: तुम्ही ज्या चुका सांगताय त्या वहीत होतच नाहीत, बाई. वहीत मी बेरीज चुकलो तर एका मुलाची चुकते. शीटमध्ये सूत्र चुकलं तर सगळ्या वर्गाचं चुकतं, आणि चुकलेलं असूनही नीटनेटकं छापून येतं. मोठ्यामोठ्यांचं झालंय हे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ हे हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ. देशांवरचं कर्ज आणि वाढीचा वेग यावर त्यांनी २०१० साली निबंध लिहिला, जगभरच्या सरकारांत त्याचा हवाला दिला गेला. त्यांच्या एक्सेलमध्ये सरासरीचं सूत्र पाच देश आधीच थांबलं होतं. इंग्लंडमध्ये २०२० साली कोविडचे जवळजवळ १६ हजार रुग्ण मोजणीतून काही दिवस गळले, कारण जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. त्यांचं असं होतं, तर शाळेत काय होईल?

बाई: पहिली गोष्ट अर्धीच सांगितलीत. ती चूक २०१३ साली उघडकीला आणली थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्यानं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, वर्गासाठी दिलेल्या कामात! प्रसिद्ध निबंधातले आकडे स्वतः काढून बघा, असं ते काम होतं. आकडे जुळेनात, म्हणून त्यानं मूळ शीट मागवली, सूत्र वाचलं. त्याला ते वाचता येत होतं म्हणून चूक सापडली. तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

सर: अर्धं तुमच्या, अर्धं माझ्या. तो एकच विद्यार्थी निघाला, आणि तोवर तीन वर्षं गेली होती.

सरांचं हे म्हणणं मला पटतं. सूत्र वाचता येणं वेगळं, आणि रोजच्या घाईत ते वाचायची सवय असणं वेगळं. सवय लावायची तर काही साध्या गोष्टी आधी अंगवळणी पडाव्या लागतात. बाई त्यांतल्या दोन फार ठामपणे सांगतात. गैरहजर मुलाची चौकट कोरी ठेवायची, शून्य टाकायचं नाही. चार मुलांना ४०, ३५, ४५, ४० गुण आहेत आणि पाचवं मूल परीक्षेला आलेलं नाही. चौकट कोरी असेल तर सरासरी ४० येते, शून्य टाकलं तर ३२. वर्ग तोच, शिकवणं तेच, आणि अहवालात आठ गुणांची घसरण.

दुसरी गोष्ट नावाची. दोन शीट जोडताना मुलाच्या नावावर जोडायच्या नाहीत, जनरल रजिस्टरच्या क्रमांकावर जोडायच्या. मराठी नावांत हा घोळ फार होतो. एका फाईलमध्ये नाव कृतिदेवमध्ये टाइप केलेलं, दुसरीत युनिकोडमध्ये. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाला ती निरनिराळी अक्षरं असतात. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. कुठे नावाच्या शेवटी न दिसणारी मोकळी जागा. व्हीलूकअपच्या शेवटी फॉल्स लिहायचं राहून गेलं, तर ते अचूक जुळणी शोधत नाही, जवळची ओळ उचलतं आणि एका मुलाचे गुण दुसऱ्याच्या नावावर बिनबोभाट आणून ठेवतं. त्याच सूत्राच्या शेवटी ट्रू लिहून, खालचे गुण आधी आणि वरचे नंतर अशा क्रमानं लावलेल्या तक्त्यातून श्रेणी मात्र अगदी बरोबर निघते. कुठे काय लिहायचं हे पाठ करून भागत नाही. सूत्र कसं शोधतं ते समजून घ्यावं लागतं.

सर: हे सगळं आपल्यासाठी झालं. मुलांना काय मिळालं?

बाई: मुलांनाच बसवलं की मिळतं. सातवीला मी पोषण आहाराचा तांदूळ काढायला दिला. पहिली ते पाचवी माणशी १०० ग्रॅम, सहावी ते आठवी १५० ग्रॅम. आज पाचवीत ३२ हजर, सहावी-सातवी मिळून ५४. म्हणजे ३.२ आणि ८.१, एकूण ११.३ किलो. हे त्यांनी तोंडी केलं. मग महिनाभराचा तक्ता करायला सांगितला. प्रमाण वरच्या एका चौकटीत लिहिलं, पहिल्या दिवसाचं सूत्र बरोबर आलं, ते खाली ओढलं तर दुसऱ्या दिवसापासून तांदूळ शून्य!

सर: डॉलर लावला नव्हता.

बाई: मी सांगितलं नव्हतं. एका मुलीनं सूत्रावर क्लिक करून बघितलं. म्हणाली, बाई, हे खालच्या रिकाम्या चौकटीला गुणतंय. संख्या रोज बदलते म्हणून खाली सरकायला हवी, प्रमाण बदलत नाही म्हणून जागेवर राहायला हवं. चल आणि अचल यांतला फरक मी फळ्यावर किती वर्षं सांगत आले. त्या दिवशी तो तिनं मला सांगितला.

सर: हे चांगलं आहे. खरंच चांगलं आहे.

बाई: त्यात आश्चर्य नाही. स्प्रेडशीटचा जन्मच वर्गात झाला. डॅन ब्रिकलिन हार्वर्डला व्यवस्थापन शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडत, एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहीत. हे आपोआप का होऊ नये, असं त्याच्या मनात आलं. त्यातून बॉब फ्रँकस्टनबरोबर १९७९ साली व्हिझिकॅल्क तयार झालं. एक्सेल त्यानंतर सहा वर्षांनी आलं.

सर: पण हार्वर्डच्या फळ्यावर कंपनीचे आकडे होते, बाई. माझ्या हजेरीपटावर मुलं आहेत. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की माझ्या वर्गातली काही मुलं आईबापांबरोबर जातात, काही परगावी आजीजवळ राहतात. हजेरीत दोन्हीकडे ‘ग’ दिसतो. जी मुलगी गावातच आहे, पण धाकट्या भावाला सांभाळायला घरी थांबते, तिचाही ‘ग’च. तुमचं काउंटइफ तिघांनाही एकच मोजतं.

बाई: म्हणून मी शेजारी कारणाचा रकाना केला. त्यात यादी लावली, म्हणजे प्रत्येक वेळी वेगळे शब्द पडत नाहीत. ऊसतोड, भावंडं, आजार, बाजार, माहीत नाही. महिन्याच्या शेवटी पिव्होटमध्ये एका बाजूला वार, दुसऱ्या बाजूला कारण. बाजाराच्या दिवशी गैरहजेरी वाढते, हे सगळ्यांना अंदाजानं ठाऊक होतं. पण ‘माहीत नाही’चा रकाना किती मोठा आहे ते मला पहिल्यांदा तिथे दिसलं. त्यातल्या प्रत्येक मुलाच्या घरी जायला हवं होतं आणि मी गेले नव्हते.

सर: आणि ज्याचं कारण तुमच्या पाचांतही बसत नाही?

बाई: त्याच्यासाठी यादीत नवीन कारण घालायचं.

सर: मग त्याचंही एक खोकं होणार. बाई, एक मुलगा आहे माझ्या वर्गात. वडील दारू पिऊन आले की दुसऱ्या दिवशी येत नाही. हे मी कुठल्या रकान्यात लिहू? आणि का लिहू? ते मला माहीत आहे, त्याला माहीत आहे, पुरे आहे.

बाई: नका लिहू. ते शीटमध्ये यायला नकोच.

संपूर्ण संवादात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती ही जागा. मधल्या पायरीपर्यंत शिकलेल्या माणसाला काय मोजता येतं हे कळतं. त्याच वेळी काय मोजायचं नाही हे ठरवायची जबाबदारीही त्याच्याकडे येते. आज मुलांची जात, आधार क्रमांक, बँक खाती असलेल्या फाईल्स व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सहज फिरतात. त्यांतली आधारची १२ अंकी संख्या शीटनं घातांकाच्या रूपात आखडून दाखवली, की लोक रकान्याचं स्वरूप ‘संख्या’ करतात आणि पुढे पाठवतात. १६ अंकी खाते क्रमांक साधी संख्या म्हणून टाकला तर एक्सेल पंधराच अंक राखतं आणि सोळाव्या जागी शून्य ठेवतं. मग शिष्यवृत्ती भलत्या खात्याकडे निघते. असे क्रमांक टाकण्याआधी तो रकाना मजकूर म्हणून ठरवून ठेवावा लागतो, हे शिकवायला हवं. आणि ज्याला तो क्रमांक बघायची गरज नाही, त्याला तो रकानाच देऊ नये, हे त्याच्याही आधी शिकवायला हवं.

सर: माझी खरी भीती सांगू? मी वजाबाकीचा तक्ता केला, तो कोणीतरी शिक्षण परिषदेत दाखवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी तोच तक्ता केंद्रातल्या प्रत्येक शाळेनं प्रत्येक विषयासाठी दर महिन्याला भरून पाठवायचा, असा निरोप येईल. मग कोणीतरी घरी बसून एक आणि शून्य भरेल. मनाला येतील ते गुण पाडायला रँडबिटवीनचं सूत्र आहेच. माझ्या कामाची गोष्ट मीच माझ्या हाताने आणखी एक नमुना करून ठेवली, असं होईल.

बाई: याला माझ्याकडे उत्तर नाही. असं होताना मी पाहिलंय.

सर: मग?

बाई: तरीही मी ती शीट करणं सोडणार नाही. मागितलेला नमुना एक भरेन आणि माझ्यासाठी वेगळी शीट ठेवेन. माझ्या शीटचे रकाने मी ठरवीन, वर्ग बदलला की बदलीन, आणि निरुपयोगी वाटली तर फेकून देईन. वरून आलेली शीट मला फेकता येत नाही, एवढाच फरक आहे. पण तो फरक मला पुरतो.

सर: दोनदा काम.

बाई: हो, दोनदा. वरच्यांनी आधीच गोळा केलेली माहिती पुन्हा मागणं थांबवलं तर एकदाच होईल. ते आपण एकत्र मागायला हवं, आणि मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. पण ते होईपर्यंत पाचवीची ही मुलं सहावीत जातील.

सर काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी काढलेली अडचण अगदी साधी होती.

सर: शाळेच्या संगणकावर एक्सेलचा परवाना संपलाय. मोबाईलवर एवढा तक्ता दिसत नाही.

बाई: लिब्रेऑफिस कॅल्क टाका, फुकट आहे, आणि आपल्याला लागतं ते बहुतेक सगळं त्यात आहे. काउंटइफ्स, व्हीलूकअप तसंच लिहायचं.

सर: दहा उदाहरणं मी काढतो. पण बरोबर-चूक असे दोनच खाने मला पुरणार नाहीत. बरोबरला ब, शून्यापाशी अडलं तर श, उलटं वजा केलं तर उ, आणि मांडणीच चुकली तर म.

बाई: हे माझ्यापेक्षा चांगलं आहे. मग बेरीज करायची नाही, प्रत्येक अक्षराचं काउंटइफ करायचं. आणि पहिल्या पानावर कुठल्या अक्षराचा अर्थ काय ते लिहून ठेवा.

सर: ते कशाला? मला ठाऊक आहे की.

बाई: उद्या तुमची बदली झाली तर वर्ग दुसऱ्याच्या हातात जाईल.

सर: त्याला मी फाईल देणार नाही, बाई. माझी अक्षरं वाचून तो मुलांवर आधीच शिक्के मारेल. त्यानं स्वतः चाचणी घ्यावी.

बाई: आणि तोवर जूनपासून दोन महिने त्या आठ मुलांना तीच दहा उदाहरणं पुन्हा देऊ द्यायची?

सर: ...नावांशिवाय देईन. एवढ्या मुलांना शून्यापाशी अडतं, एवढ्यांना मांडणीत अडतं, इतकंच. कोण ते त्यानं शोधावं.

बाई: मग क्रमांकही काढावे लागतील. रजिस्टर समोर ठेवलं की क्रमांकावरून नाव निघतं.

सर: काढतो. तो रकाना कसा काढायचा ते दाखवा. नुसता लपवून चालणार नाही ना?

बाई: नाही. लपवलेला रकाना कोणालाही उघडता येतो. नवीन फाईल करा, आणि काउंटइफचे आकडे तिथे फक्त मूल्यं म्हणून चिकटवा.